आजोबांची दुनळी आणि तिच्या नळीतला पीळ

माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलांच्या पश्चात बंदुकीचा परवाना वारसाहक्काने त्यांच्या नावावर झाला आणि पोलीस ठाण्यात जमा असलेली जुनी दुनळी अखेर घरी परतली. तिची छायाचित्रे पाठवताना त्यांनी तीन विधाने आणि एक प्रश्न सोबत जोडला होता. ही बंदूक सत्तावन सालच्या बंडातली आहे, असे त्यांच्या आत्या सांगत आल्या आहेत. नळीवर सापाच्या कातीसारखी जी नक्षी दिसते, ती खऱ्या दमास्कस पोलादाची खूण आहे, असे कोणा जाणकाराने त्यांना सांगितले होते. आणि नळी अष्टधातूची असल्यामुळे तिला 'अँटिक'वाले वाटेल तो भाव देतील, असा निरोप फोनवर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला होता. प्रश्न अर्थात एवढाच होता की, खरा भाव काय?

भावाचे उत्तर नक्षीत नसते, ते नळ्यांच्या पोटाशी असते. परवानाधारकाने बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतल्यावर नळ्यांखालचा लाकडी पुढा काढला आणि नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, की काडतूस भरण्याच्या बाजूला, खालच्या सपाट भागावर, बारीक ठशांची एक रांग दिसते. विकण्याआधी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती सरकारमान्य चाचणीगृहात उडवून पाहण्याची पद्धत इंग्लंड आणि बेल्जियममध्ये होती, आणि जी नळी टिके तिच्यावर हे ठसे मारले जात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. लंडनमध्ये हे काम बंदूक कारागिरांच्या संघाकडे होते, आणि बेल्जियममधल्या लिएजच्या मालावर लंबवर्तुळात 'ईएलजी' ही अक्षरे असतात.

स्नेह्यांच्या बंदुकीवर मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड होते, शेजारी चौकटच्या पत्त्यासारख्या आकृतीत १२ चा आकडा आणि 'सी' हे रोमन अक्षर होते, आणि जरा बाजूला नुसता १३ चा आकडा होता. छेदणाऱ्या राजदंडांचा हा ठसा बर्मिंगहॅमने १९०४ पर्यंत वापरला. काडतुसाच्या कोठीचे माप चौकटीत मारण्याची रीत १८८७ च्या नियमांनी सुरू झाली. म्हणजे ही बंदूक या सतरा वर्षांच्या फटीतली आहे. सत्तावन साली तर मधोमध टोपी असलेले, आज आपण ओळखतो तसे काडतूस इंग्लंडातही प्रचारात नव्हते; ते १८६१ नंतर रुळले. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही' सोसायटीचे, म्हणजे एका इंग्रज दुकानदार संस्थेचे, नाव होते. या सोसायटीची मुंबईतली इमारत आजही काळा घोडा भागात त्याच नावाने ओळखली जाते, पण सोसायटी स्वतः बंदुका घडवत नव्हती. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून बनवून घेऊन ती आपल्या नावाने विकत असे. पट्टीवरचे नाव पुष्कळदा दुकानदाराचे असते, कारागिराचे नसते, आणि किमतीच्या निम्म्या गफलती इथेच होतात.

एकाच बंदुकीवर १२ आणि १३ असे दोन आकडे कसे? हे दोन्ही आकडे बोअरचे आहेत, आणि बोअरचा आकडा ही लांबी नाही, ती एक मोजणी आहे: नळीत नेमके बसणारे शिशाचे गोळे एका पौंडात किती होतात, तो आकडा म्हणजे बोअर. पौंडाचे ४५३.६ ग्रॅम, त्यांना १२ ने भागले की ३७.८ ग्रॅम; शिशाची घनता ११.३४ धरली तर आकारमान ३.३३ घन सेंटीमीटर, आणि एवढ्या गोळ्याचा व्यास १८.५ मिलिमीटर येतो. तेराने भागून पाहिले तर तो १८.०५ मिलिमीटर येतो. चौकटीतले १२ हे काडतुसाच्या कोठीचे माप होते आणि सुटे १३ हे चाचणीच्या दिवशी नळीच्या आतल्या व्यासाचे. हे दुसरे माप लक्षात ठेवावे, ते पुढे उपयोगी पडणार आहे.

आता नक्षीकडे वळतो, कारण खरे सांगायचे तर या लेखाचा मोह मला तिच्यामुळेच झाला. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तलवारींचे पोलाद दक्षिण भारतात मुशीत वितळवून बनत असे; युरोपीय लोक त्याला 'वुट्झ' म्हणत. त्याचे नमुने १७९० च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. त्या पोलादातली नक्षी धातू थंड होताना आणि पुढे घडवताना आपोआप उमटते: लोह आणि कार्बनच्या कठीण संयुगाचे कण ओळीने जमतात आणि व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश त्या ओळींना जागा नेमून देतो. बंदुकीच्या नळीतली नक्षी मात्र माणसाने हाताने रचलेली असते. दोघींचे नाव एक आहे, नाते काही नाही.

लोहार लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकाआड एक रचून, भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करत आणि त्यांची चौकोनी कांब ओढत. मग ती लालभडक कांब एका टोकाला पक्की धरून दुसऱ्या टोकाने पिळत, अगदी सुंभ वळावा तशी. अशा दोन किंवा तीन कांबी, शेजारच्या कांबीचा पीळ उलट दिशेचा ठेवून, एकमेकींना जोडल्या की एक फीत तयार होई. ही फीत लोखंडी गजाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळून तिच्या कडा पुन्हा तापवून ठोकत, आणि अखेर आतून भोक कोरून व बाहेरून घासून नळी होई. दोन रंगांच्या मातीचे थर रचून, पिळून, ती वळी लांबीत मधोमध कापून पाहिली तर गंमत लक्षात येते. पृष्ठभागावर दोरीसारख्या नुसत्या तिरक्या रेघा असतात. आत, अक्षापाशी, थर दर अर्ध्या पिळाला कूस बदलतो: जिथे तो कापाला उभा छेदतो तिथे रेघ दिसते, जिथे कापाला समांतर येतो तिथे पसरट वलय दिसते. नळी किती खोल घासली यावर ती नक्षी ठरते. शेवटी आम्ल लावले की लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने झिजतात, एकाचे थर काळवंडतात, दुसऱ्याचे उजळ राहतात, आणि पीळ वर येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण माणसांबद्दल म्हणतो; या नळीत तर पीळ दिसण्यासाठीच वरचा थर आम्लाने खावा लागतो. स्वस्त पोलादी नळ्यांवर हीच नक्षी नुसती छापूनही विकली गेली आहे. तिची चोरी लाकडी पुढ्याखाली उघडी पडते, कारण न दिसणाऱ्या जागी छापण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नसे.

एवढा खटाटोप केवळ शोभेसाठी होता का? नव्हता. शेतातला पीव्हीसी पाईप दाबाने फुटतो तेव्हा तो आडवा तुटत नाही, लांबीत चिरतो, कारण बंद नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. जुन्या घडीव लोखंडात मळीचे (धातू गाळताना उरणाऱ्या काचेसारख्या कचऱ्याचे) बारीक धागे असतात आणि लाकडाप्रमाणेच ते धाग्यांच्या दिशेने जास्त ताण सोसते. सरळ पत्रा वळून लांबीत सांधा दिला तर सगळ्यात कमजोर रेघ नेमकी ताणाच्या तोंडी येते. फीत गुंडाळली की धागे घेराच्या दिशेने जातात, पिंपाच्या लोखंडी पट्ट्यांसारखे. पुढे एकजिनसी, भरवशाचे ओतीव पोलाद स्वस्त झाले आणि हा उद्योग मागे पडला.

घेरातला ताण म्हणजे आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. समजा, छर्रे नळीत अर्ध्यावर पोहोचले तेव्हा दाब १० मेगापास्कल (हे दाबाचे आणि ताणाचे एकक) आहे, त्रिज्या ९.२५ मिलिमीटर आणि भिंत ०.७ मिलिमीटर आहे. ताण येतो १३२ मेगापास्कल. आता तो १३ चा आकडा आठवा. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या कारागिराने नळ्या मोजल्या तेव्हा उजवी १८.१ मिलिमीटर भरली आणि डावी १८.५. म्हणजे डाव्या नळीतले गंजाचे खड्डे कोणीतरी केव्हातरी आतून घासून काढले होते आणि चाचणीनंतर तिच्या भिंतीचा जवळजवळ पाव मिलिमीटर गेला होता. ०.७ चे ०.४६ झाले की तोच ताण २०० मेगापास्कलवर जातो, आणि साधे घडीव लोखंड साधारण एवढ्यालाच कायमचे ताणू लागते. चाचणीचा ठसा जागेवरच आहे, पण ज्या नळीवर तो मारला होता ती नळी आता राहिलेली नाही. नळ्या दोरीला टांगून लाकडाने हलकेच टिचकी मारली असता घंटेसारखा नाद येतो म्हणून नळी मजबूत आहे, असे सांगणारे भेटतात. त्या नादावरून फार तर मधल्या पट्टीचे झाळकाम सुटलेले नाही एवढे कळते. भिंतीच्या जाडीबद्दल तो काही सांगत नाही.

अष्टधातूबद्दल काय लिहावे? 'तांदूळ खेचणाऱ्या' भांड्यात इरिडियम हा दुर्मीळ धातू असतो असे सांगून शहाण्यासुरत्या माणसांना लाखोंना बुडवणारी जी टोळकी आहेत, त्यांचीच ही भाषा आहे. या नळीत लोह आहे, थोडा कार्बन आहे आणि मळी आहे. ठोकून सांधताना तिच्यात सोने-चांदी घातली असती तर ती वितळून वाहून गेली असती.

मग भाव? पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडसारख्या लंडनच्या कारखान्यांनी आपल्या वह्या जपल्या आहेत आणि क्रमांकावरून बंदूक कोणासाठी घडवली हे कळू शकते. तिथे नावाला मोल असते. दुकानदाराच्या नावाची, बाहेर घोडे (हॅमर) असलेली, एक नळी घासलेली दुनळी त्या पंगतीत बसत नाही. शिवाय ती विकायची तर परवाना असलेल्या माणसालाच विकता येते, आणि शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकत असल्याने ती परदेशी लिलावात धाडण्याचा विचारही मनात आणू नये. नुसती जुनी आहे म्हणून शस्त्र कायद्यातून सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशीच ती असावी लागते. नक्षी उजळण्यासाठी कोणी आम्ल आणि पॉलिश घेऊन बसले, तर ठसे पुसट होऊन उरलासुरला भावही जातो, आणि ओळखीच्या खुणा मुद्दाम खोडणे हा तर गुन्हाच आहे.

स्नेह्यांनी नळ्यांना तेलाचा हात फिरवून, डाव्या नळीची मापे एका चिठ्ठीवर लिहून ती कागदपत्रांत ठेवली आहे. बंदूक उडवायची नाही, हे त्यांनी ठरवले. १८८७ ची गोष्ट आत्यांना कोणी सांगायची, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.