इमर्जन्सी मेडिसिन इलेक्टिव्ह

मेडिकलच्या विद्यार्थ्याने डिग्री मिळायच्या आधी, शक्यतो शेवटच्या एक-दोन वर्षांत, स्वतःच्या आवडीने निवडून इमर्जन्सी डिपार्टमेंटमध्ये केलेली पोस्टिंग. साधारण दोन ते चार आठवड्यांची असते आणि काम शिफ्टमध्ये चालतं. नाइट शिफ्ट टाळायला बघू नका, सिनिअर कमी असतात आणि बरंचसं शिकायला तेव्हाच मिळतं.

विषय तसा नवाच आहे. अमेरिकेत पहिली रेसिडेन्सी (डिग्रीनंतर स्पेशालिस्ट व्हायचं प्रशिक्षण) १९७० ला सिनसिनाटीत सुरू झाली, स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता १९७९ ला मिळाली, भारतात तर थेट २००९ ला.

वॉर्डात पेशंट दिसतो तोवर त्याचं निदान झालेलं असतं, फाइल तयार असते. इथे तो नुसता छातीत दुखतंय म्हणत येतो, आणि ती अ‍ॅसिडिटी असू शकते, हार्ट अटॅक असू शकतो नाहीतर महाधमनी फाटलेली असू शकते. त्यामुळे 'आजार कुठला' हा प्रश्न मागे पडतो आणि 'याचा जीव आत्ता कशाने जाऊ शकतो' हा आधी येतो. त्यासाठीच एबीसीडीई: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची अवस्था आणि मग कपडे बाजूला करून सगळं अंग तपासणं, आणि जिथे बिघाड सापडेल तिथेच थांबून तो सावरायचा, मगच पुढचं अक्षर. छातीत दुखणारा पेशंट आल्यापासून १० मिनिटांत त्याचा ईसीजी काढून जाणत्या डॉक्टरने बघितलेला हवा, हा नियम इथे अंगात मुरतो.

हाताची कामं म्हणजे सलाइनची सुई लावणं, टाके, प्लास्टर, सीपीआर (हृदय थांबलेल्या पेशंटच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी, आणि दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा). सगळ्यात कमी लेखलं जातं ते बॅग-मास्क, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने दाबायच्या पिशवीतून पेशंटला श्वास देणं. नवखा माणूस मास्क चेहऱ्यावर दाबत बसतो आणि हवा बाजूने निघून जाते. खरं तर अंगठा आणि तर्जनीने मास्क धरून उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर ठेवायची, खालच्या मऊ भागात रुतवायची नाहीत, आणि जबडा वर मास्ककडे उचलायचा. छाती वर येताना दिसली म्हणजे जमलं. हे आधी पुतळ्यावर घोटून घ्यावं, पेशंटवर करताना सिनिअर शेजारी पाहिजेच.

मूल्यमापनाला बहुतेक ठिकाणी लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) असतं, आणि मग मुलं टाक्यांचे आकडे भरायच्या मागे लागतात, हे मला अजिबात पटत नाही. पेशंटला पहिल्यांदा आपण भेटायचं, दोन मिनिटांत सिनिअरला सांगायचं, वाईटात वाईट काय असू शकतं ते आधी बोलायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन त्याच पेशंटला तपासायचं, मार्क द्यायचेच तर याला द्यावेत.