नळीतून पाणी येईना: नळी तुंबली की पाणीच आटलं?

कर्करोगामुळे फुफ्फुसाभोवती पुन्हा पुन्हा पाणी साचत असेल, तर छातीत सिलिकॉनची मऊ नळी बसवतात आणि घरच्या घरी बाटलीत पाणी काढता येतं. कालपर्यंत 500 मिली निघणारं पाणी हळूहळू 100 वर, मग 20-30 वर येतं. काही घरांत धास्ती बसते, काहींना सुटल्यासारखं वाटतं. दोन्ही घाईचं आहे. बाटलीत जे दिसतं ते सारखंच असलं, तरी आत दोन अगदी उलट गोष्टी घडत असू शकतात.

एक शक्यता चांगली. फुफ्फुस फुगून छातीच्या भिंतीला टेकतं, दोन्हींवरची आवरणं एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. याला प्लुरोडेसिस म्हणतात. नुसती नळी राहिल्यानेही काहींमध्ये ते आपोआप होतं. सलग तीन वेळा 50 मिलीपेक्षा कमी पाणी आलं, धाप नसली आणि तपासणीत पाणी दिसलं नाही, तर नळी काढण्याचा विचार होतो.

दुसरी शक्यता तुंबण्याची. पाण्यातल्या फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या धाग्यांसारख्या प्रथिनाच्या) गुठळ्या नळीत अडकतात. पाणी आत साचतच राहतं, बाहेर मात्र येत नाही.

म्हणून मी बाटलीवरच्या आकड्याआधी रुग्णाचा श्वास बघायला सांगेन. पाणी कमी आणि दमही कमी, तर बहुधा चिकटलं. पाणी कमी पण आडवं झोपवत नाही, दोन पावलांत धाप लागते, तर नळीवर संशय घ्यावा. अर्थात दम लागायला कर्करोगाची इतरही कारणं असतात, त्यामुळे निकाल सोनोग्राफीचाच. तुंबलेली नळी डॉक्टर किंवा नर्स निर्जंतुक सलाईनने मोकळी करून पाहतात. घरी सिरिंज लावून जोर करू नका, त्यातून जंतू आत जाऊ शकतात.

या दोन्हींच्या मधली एक अवघड अवस्थाही असते: पाण्यात पडदे धरून कप्पे होतात. नळी मोकळी असते, पण तिच्या कप्प्यातलंच पाणी निघतं. अशा वेळी कधीकधी नळीतून गुठळ्या विरघळवणारं औषध सोडतात. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, शिवाय कप्पे पुन्हा धरू शकतात. त्यामुळे ते द्यायचं की नाही, हे रुग्णाला खरंच किती आराम मिळेल यावर ठरायला हवं.

पाणी कमी होताना ताप आला, नळीभोवती लाली किंवा दुखणं वाढलं, पाणी पुवासारखं दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा. नळी काढतील या भीतीने ताप लपवू नका. संसर्ग झाला तरी बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊन नळी तशीच ठेवता येते.