ठिय्या (नागपूर)

ठिय्या : रोजंदारीचे काम शोधणारे मजूर सकाळी जिथे जमतात तो नागपुरातील चौक किंवा रस्त्याची कड. मुंबईकडे यालाच नाका म्हणतात आणि तिथल्या माणसाला नाका कामगार. नागपूरने मात्र एका जागी बैठक मारून बसणे या अर्थाचा जुना मराठी शब्द धरून ठेवला. मजुरी थकली की हीच माणसे जे आंदोलन करतात त्याचेही नाव ठिय्याच. कामाची वाट पाहणे आणि काम झाल्यावर पैशाची वाट पाहणे, दोन्हींना एकच शब्द पुरतो. ही नोंद दोन्ही अर्थांची आहे, कारण बांधकाम मजुराच्या बाबतीत एक सोडून दुसरा समजत नाही.

सकाळी आठच्या सुमारास ठिय्या भरतो. दहा वाजेपर्यंत ज्याला कोणी नेले नाही तो बहुधा घरी परततो. सायकलच्या दांडीला डबा, थैलीत थापी, ओळंबा किंवा रंगाचे ब्रश. थैलीबाहेर डोकावणाऱ्या हत्यारावरूनच गिऱ्हाईक माणूस ओळखते. विटा रचणारा, प्लास्टर मारणारा तो मिस्त्री. त्याच्या हाताखाली मसाला कालवून देणारा बिगारी. बाई असेल तर रेजा. हा शब्द पूर्व विदर्भापासून छत्तीसगडपर्यंतच्या पट्ट्यातला. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, तरी रेजाची रोजी बिगाऱ्यापेक्षा कमीच बोलली जाते. घमेले मात्र दोघांच्या डोक्यावर सारखेच जड असते.

बिगारी हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. तो बेगार या फारसी शब्दातून आला. बेगार म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. दिल्लीच्या एशियाड स्पर्धांसाठी राबलेल्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा घटनेच्या कलम २३ ने मना केलेली वेठबिगारीच आहे. भाषेने जे नावात जपून ठेवले होते ते न्यायालयाने कलमात बसवले, एवढेच.

नागपूरच्या बांधकामाला वाळू कन्हान आणि वैनगंगेची. गिट्टीखदान ही वस्ती तर नावानेच खाणीची साक्ष देते. माणसे येतात ती भंडारा-गोंदियातून, सीमेपलीकडच्या बालाघाट, शिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांतून आणि छत्तीसगडमधून; मोठ्या प्रकल्पांवर बिहार-बंगालचेही. यातला बराचसा मुलूख धानाचा आहे, त्यामुळे शहरातली रोजी काही अंशी धानाच्या बांधीत ठरते. रोवणीच्या दिवसांत माणसे गावी जातात, ठिय्या विरळ होतो आणि उरलेल्याला चार पैसे जास्त मागता येतात. दिवाळीनंतर कापणी-चुरणी उरकली की गाड्या भरून माणसे परततात. मग ‘येतो का एवढ्यात, नाही तर दुसरा आहे’ ही भाषा सुरू होते.

रोजी कमी केली असे कोणी जाहीर करत नाही. ती कापली जाते वेगळ्याच वाटांनी. जेवणाआधी पाऊस आला की अर्धी हजेरी. वाळूची गाडी आली नाही तर खाडा, आणि खाडा मजुराच्याच खात्यावर. रोजीऐवजी चौरस फुटाच्या भावाने काम दिले की तास वाढतात, पैसे तेवढेच राहतात. सर्वांत रुळलेली रीत खर्चीची आहे : आठवड्याला पोटापुरती खर्ची हातावर ठेवायची आणि बाकी हिशेब काम संपल्यावर. हिशेबाच्या दिवशी उचल, तुटलेली हत्यारे आणि न केलेले खाडे असे सगळे वजा होते. मजूर आधीच काम सोडून गेला तर बाकी बुडते, म्हणून तो जात नाही. अनामत रक्कम घेऊन माणूस बांधून ठेवावा तसा हा प्रकार. फरक असा की अनामत त्याच्याच घामाची असते.

मोठ्या कामावर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. वर मुख्य कंपनी, तिच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली पेटी (म्हणजे लहान) ठेकेदार, त्याच्याखाली मुकादम. नागपुरात २०१५ पासून मेट्रो, मग उड्डाणपूल आणि समृद्धी महामार्ग अशी कामे निघाली आणि ही उतरंड लांबत गेली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून नियम असा की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. पण त्यासाठी आपण तिथे काम केल्याचा पुरावा लागतो आणि हजेरी असते मुकादमाच्या वहीत. ‘वरून बिल निघालं नाही’ हे वाक्य प्रत्येक पायरीवर ऐकू येते. ते दर वेळी खोटे असते असेही नाही : सरकारकडे थकलेल्या बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटदारांनीच आंदोलने केली. कंत्राटदार थकबाकीवर निवेदन देतो, कर्ज काढतो. मजूर किराणा दुकानात उधारी वाढवतो.

अशा स्थितीत संप हा शब्द ठिय्यावर फारसा चालत नाही. गिरणीत भोंगा असतो, फाटक असते, बंद पाडायला काहीतरी असते. इथे कामावर गेले नाही तर दुसरा जातो. तरीही मजुराच्या हातात एक दिवस असे, तो म्हणजे स्लॅबचा. साध्या सिमेंटचा घट्ट होण्याचा आरंभ मानकाप्रमाणे ३० मिनिटांच्या आत होऊ नये, इतकाच दिलासा असतो. त्यानंतर घड्याळ मजुराच्या बाजूने चालते. स्लॅब अर्धवट सुटला तर जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो आणि तिथूनच पुढे पाणी झिरपते. सेंट्रिंग म्हणजे स्लॅबचा साचा लागला आहे, लोखंड बांधून झाले आहे, मिक्सर फिरतो आहे, परांचीवर माणसांची साखळी उभी आहे, आणि दुपारी तीन वाजता सगळी घमेली एकदम खाली ठेवली जातात. मागची बाकी दिल्याशिवाय उचलत नाही. घोषणा नाही, फलक नाही. अशा वेळी मालक स्वतः खिशात हात घालतो, ठेकेदाराला मागून शिव्या देतो, आणि संध्याकाळपर्यंत स्लॅब पुरा होतो. कोणत्याही संघटनेच्या अहवालात हे आंदोलन म्हणून नोंदले जात नाही. माझ्या मते नागपुरातले सर्वांत जास्त यश मिळालेले आंदोलन हेच. तयार काँक्रीटची गाडी आणि पंप आल्यापासून हा दिवसही हातचा जाऊ लागला आहे. पंपाला खर्ची लागत नाही.

कामाच्या परिस्थितीत नागपूरचा स्वतःचा प्रश्न उन्हाचा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले. उष्णता कृती आराखडा लागू झाल्यावर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरची कामे बंद ठेवावीत अशा सूचना निघतात. सूचना योग्यच आहे, पण रोजंदारीच्या गणितात ती उलटी पडते. दुपारचे चार तास बंद म्हणजे अर्धी हजेरी, किंवा मग सकाळी सहाला लागून अंधार पडेपर्यंत तेच तास भरून देणे. साइटवर सावलीची जागा, पिण्याचे पाणी, पन्नासांहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर, नऊ तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी या तरतुदी १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी आणल्या. मजुरांची मागणी त्याहून साधी असते : ऊन असो की पाऊस, काम मालकाने थांबवले तर रोजी पूर्ण लावा.

याच कायद्याच्या जोडीने उपकराचा कायदा आला. जमिनीची किंमत वगळून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर. महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास यांसारख्या संस्था नकाशा मंजूर करतानाच तो भरून घेतात. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये झाले आणि कल्याणकारी मंडळ स्थापन व्हायला २०११ उजाडले. कायद्यापासून मंडळापर्यंत पंधरा वर्षे. एखाद्या बिगाऱ्याची उमेदीची निम्मी वर्षे. देशभर हा पैसा खर्चाविना पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांना फटकारले. या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनवर झालेला खर्चही तेव्हा चर्चेत आला.

नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठिय्यावरचा माणूस ९० दिवसांत चाळीस मालकांकडे काम करतो. दाखला कोणाकडे मागायचा? त्याच्यासाठी सही करायला कोणी नसते आणि ज्याने कधी वीट उचलली नाही त्याच्याकडे सहीशिक्क्यानिशी कागद असतो. दलाल उभे राहतात ते याच फटीत. टाळेबंदीत २०२० साली मंडळाने दोन हजार रुपये खात्यात टाकले ते नोंदणीकृतांच्याच. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे त्या उन्हाळ्यात डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेले तांडे शहराने पाहिले. त्यांतल्या अनेकांना मंडळ असते हेही ठाऊक नव्हते.

मंडळ गृहोपयोगी भांड्यांचा संच देते, सुरक्षा संच देते, मुलांना शिष्यवृत्ती देते, कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपये देते. रोजी मात्र मिळवून देत नाही. इथे माथाडी मंडळाशी तुलना करावी लागते. १९६९ च्या कायद्याने माथाडी मंडळात मालक आणि हमाल दोघांची नोंद होते, मालक मजुरी मंडळात भरतो आणि ती तिथून हमालाला मिळते. म्हणजे कळमना बाजारात पोते वाहणाऱ्या माथाडीची मजुरी कोणी द्यायची हे कागदावर पक्के असते. बाजाराबाहेर तेच वजन सिमेंटच्या गोणीचे असेल तर नसते. भांड्यांच्या संचासाठी लागलेल्या रांगांच्या बातम्या होतात, मजुरी कोणी द्यायची ही गोष्ट मात्र मागणीपत्रकातही शेवटी येते.

मालक सापडत नाही म्हणून नागपूरचा बांधकाम मजूर सरकारकडे वळतो, आणि सरकार डिसेंबरात स्वतःच नागपुरात येते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते. २०२० आणि २०२१ चे हिवाळी अधिवेशन तेवढे करोनामुळे मुंबईत झाले. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट किंवा टेकडी रोडला अडवला जातो. तिथे रस्त्यावर बसकण, भाषणे, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत, निवेदनावर पोच, आणि संध्याकाळी पांगापांग. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच परिसरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, तेव्हापासून लोखंडी कठड्यांची शिस्त जास्त कडक आहे. एरवीची धरणी संविधान चौकात किंवा कामगार आयुक्तालयासमोर होतात. अधिवेशनाची वेळ मजुराला अडचणीची असते : डिसेंबरात शहरात माणसे सर्वांत जास्त, म्हणून भाव सर्वांत कमी. मोर्चाचा दिवस म्हणजे खाडा, आणि तो भरून काढायला कोणी नाही.

झेंडे लाल, निळे, भगवे असे मिसळलेले दिसतात आणि त्याला शहराचा इतिहास आहे. आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची १९२९ ची फूट नागपूरच्याच अधिवेशनात पडली. पुढे आयटकचे सरचिटणीस झालेले ए. बी. बर्धन नागपूरचे. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये मांडले ते मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी, हे मजुरांच्या सभेत आवर्जून सांगितले जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि आंदोलनांना नवा विषय मिळाला. संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच आस्थापनांना लागू झाली. ठिय्यावरच्या माणसाने ती बजावायची कोणाला, हे संहितेत शोधून सापडत नाही. दुसरी तरतूद दिसायला लहान आहे. स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या घराला उपकरातून सूट होती ती १० लाखांपर्यंतच्या खर्चाला. आता ती मर्यादा ५० लाख झाली. घरमालकाला यात बरेच वाटेल. पण वरचा मजला चढवायला, न्हाणीघर दुरुस्त करायला, कुंपणाची भिंत घालायला सकाळी ठिय्यावर जो माणूस शोधला जातो, तो बहुतेक वेळा अशाच घरांवर काम करतो.