गाडीत ‘यूएसबी आहे’ म्हणजे नेमके काय आहे?

गणपतीला मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन गावी येणाऱ्या चाकरमान्यांची संख्या वाढत गेली, तशी मोबाइलच्या आणि गाडीच्या सामानाच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येऊ लागली. वाटेत गाडीत वाजेल आणि घरी पोहोचल्यावर माजघरातल्या स्पीकरला लावता येईल, असे गाण्यांचे एकच यंत्र हवे असते. या मागणीचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदलले आहे. दर वेळी ते बदलले ते आवाजाच्या दर्जामुळे किंवा साठवणीच्या क्षमतेमुळे कमी आणि गाडीच्या डॅशबोर्डवरच्या भोकात काय घालता येते यामुळे अधिक.

कॅसेटच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९६३ साली आलेली कॅसेट घरच्या डेकमधून काढून गाडीच्या टेपमध्ये घालता येत असे, आणि १९७९ मध्ये वॉकमन आल्यावर तीच कॅसेट एसटीच्या खिडकीशी बसूनही ऐकता येऊ लागली. ज्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे टेपच्या फितीवर बुरशीचा पांढरा थर चढायचा आणि पावसाळ्यानंतर निम्म्या कॅसेट घोगऱ्या व्हायच्या, एवढीच काय ती तक्रार होती. सीडीने बुरशीपासून सुटका केली, पण खड्ड्यांतून जाताना ती अडखळे. तिचा खरा उपयोग पुढे एमपी३ची सीडी म्हणून झाला. साध्या सीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावत, तर सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपी३ फायली भरलेल्या ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे बारा तास. म्हणजे मुंबई ते सावंतवाडी हा रात्रीचा प्रवास एका तबकडीत आटोपत असे. ‘एमपीथ्री’ हा शब्द आपल्याकडे प्रथम रुळला तो या तबकडीचे नाव म्हणूनच, यंत्राचे किंवा फायलीच्या प्रकाराचे नव्हे.

एमपी३चे मूळ जर्मनीतील संशोधनात आहे. त्याचे तांत्रिक मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि फायलीच्या नावामागची ‘.एमपी३’ ही शेपटी जुलै १९९५ मध्ये ठरली. सीडीवरील आवाजाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी, ते वगळून हे प्रमाण १२८ पर्यंत खाली आणता येते, हा या पद्धतीचा गाभा आहे. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या खिशातल्या यंत्रांत ३२ मेगाबाइटची स्मृती होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत. त्यांपैकी एका यंत्राविरुद्ध ध्वनिमुद्रण व्यवसायाने अमेरिकेत दावा लावला. आपल्याकडे असलेले संगीत दुसऱ्या ठिकाणी ऐकण्यासाठी उतरवून घेणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने १९९९ मध्ये न्यायालयाचा कौल लागला, आणि तेव्हापासून या यंत्रांचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये ५ गिगाबाइटची हार्ड डिस्क असलेला आयपॉड आला. हार्ड डिस्क फिरती असल्याने ती धक्क्यांना घाबरे. २००५ नंतर फिरता भाग नसलेली फ्लॅश स्मृती स्वस्त झाली, तेव्हा खड्ड्यांची भीती गेली.

घरच्या जोडणीचा प्रश्न यापुढे फारसा उरला नाही, कारण ३.५ मिलिमीटरच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर जुन्या डेकलाही चालते आणि नव्या स्पीकरलाही. अडचण गाडीची होती. ज्यांच्या गाडीत टेप होता त्यांनी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर घेतला, ज्यातून बाहेर आलेली वायर यंत्राला लावायची. बाकीच्यांनी सिगारेट लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर घेतला. या ट्रान्समीटरबद्दल मुंबईत जे वाईट बोलले जाई ते कोकणात तितकेसे खरे नव्हते. शहरात एफएमच्या पट्ट्यात मोकळी जागा शोधावी लागे आणि पुलाखालून जाताना मध्येच दुसरे केंद्र घुसे. पेण-वडखळ मागे पडल्यावर मात्र पट्टा बराचसा मोकळा होत जाई, आणि हे एवढेसे यंत्र घाटातही बऱ्यापैकी स्वच्छ ऐकू येई. पुढे गाडीच्या स्टिरिओला ‘ऑक्स’चे, म्हणजे हेडफोनच्या भोकातली वायर थेट लावायचे, भोक आले. ते सर्वांत भरवशाचे होते. गाणे बदलण्यासाठी चालकाला हात यंत्राकडे न्यावा लागे, हा त्याचा दोष होता आणि वळणावळणाच्या रस्त्यावर तो किरकोळ म्हणता येत नाही.

त्यानंतर आले ‘यूएसबी’, आणि गोंधळ इथूनच सुरू झाला. गाडीत यूएसबी आहे का, या प्रश्नाला विक्रेता ‘आहे’ असे उत्तर देतो, पण त्या एका शब्दाचे निदान तीन निरनिराळे अर्थ होतात. पहिला अर्थ फक्त वीज. भोक आहे, पण ते केवळ चार्जिंगपुरते आहे आणि त्यातून गाण्याचा एक अंशही जात नाही. दुसरा अर्थ पेनड्राइव्ह. समोर जोडलेली वस्तू म्हणजे एक साधी डिस्क आहे असे स्टिरिओ धरून चालतो, स्वतः तिच्यातले फोल्डर उघडतो आणि स्वतः फायली वाचतो. या पद्धतीला तंत्रज्ञ ‘मास स्टोरेज’ म्हणतात. तिसरा अर्थ विशिष्ट कंपनीच्या यंत्राशी खास भाषेत बोलणे. आयपॉडसाठी हीच तिसरी व्यवस्था लागे, कारण आयपॉडमधल्या फायली लपवलेल्या फोल्डरांत, चार निरर्थक अक्षरांच्या नावांनी ठेवलेल्या असत आणि गाण्याची खरी नावे वेगळ्या नोंदवहीत असत. ती नोंदवही न वाचणाऱ्या स्टिरिओला आयपॉड लावला तर तो एक तर ओळखला जात नसे, किंवा पडद्यावर अर्थहीन अक्षरे उमटत.

यात भर पडली ती एमटीपीची, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉलची. कॅमेऱ्यातून छायाचित्रे उतरवण्याच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली ही व्यवस्था २००४ च्या सुमारास एका अमेरिकी संगणक कंपनीने गाण्यांच्या यंत्रांसाठी पुढे आणली आणि २००८ मध्ये तिला यूएसबीच्या अधिकृत प्रकारांत स्थान मिळाले. तिच्या समर्थकांचे म्हणणे असे की, मास स्टोरेज पद्धतीत यंत्राची साठवण पूर्णपणे समोरच्या संगणकाच्या ताब्यात जाते, तेवढ्या वेळात यंत्राला स्वतःच्याच फायली वापरता येत नाहीत, आणि मध्येच वायर उपटली तर सगळी नोंद बिघडू शकते. एमटीपीत यंत्र मालकी सोडत नाही. समोरच्याने फाइल मागायची आणि यंत्राने ती द्यायची, असा व्यवहार होतो. कुलूपबंद, म्हणजे वर्गणी संपताच बंद पडणारी गाणी सांभाळणेही या पद्धतीत सोपे जात असे, आणि हा तिच्या प्रसारामागचा लहान हेतू नव्हता.

संगणकाच्या टेबलावर हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. गाडीत त्याचा परिणाम उलटा झाला, कारण गाडीच्या स्टिरिओला फक्त पेनड्राइव्ह समजत होता. नुसता एमटीपी बोलणारा महागडा प्लेअर स्टिरिओला लावला की पडद्यावर ‘नो डिव्हाइस’ येई, आणि शेजारी पडलेला अडीचशे रुपयांचा पेनड्राइव्ह बिनतक्रार वाजे. काही उत्पादकांनी सेटिंगमध्ये ‘एमएससी’ आणि ‘एमटीपी’ अशी निवड ठेवली होती. ‘एमएससी’ म्हणजेच मास स्टोरेज. ती एक ओळ खोक्यावर ठळक छापायला हवी होती, कारण गाडीसाठी प्लेअर घेणाऱ्याला तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी माहिती नव्हती. ती बहुधा पुस्तिकेच्या आतल्या पानावर असे.

हाच बदल मोबाइलमध्ये झाला तेव्हा तो बहुतेकांच्या अनुभवाला आला. २००७ नंतरच्या काही वर्षांत चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीसारख्या बाजारपेठांतल्या मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागत. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार कसा होता हे वेगळे सांगायला नको, पण तांत्रिकदृष्ट्या तो अतिशय सुटसुटीत होता. ते कार्ड फोनमध्ये चाले, घरच्या चिनी बनावटीच्या स्पीकरमध्ये चाले, आणि फोन वायरने गाडीला लावून ‘यूएसबी स्टोरेज’चा पर्याय दाबला की गाडीतही चाले. २०११ च्या अखेरीपासून अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीबरोबर हा पर्याय नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी एमटीपी आले. नवा फोन घेतल्यावर गाडीने तो ओळखला नाही, तेव्हा अनेकांनी दोष वायरला दिला, काहींनी स्टिरिओ दुरुस्तीला टाकला. दोष दोन्हींचा नव्हता.

मास स्टोरेज असले तरी प्रश्न संपत नाही, कारण डिस्क कोणत्या पद्धतीने आखलेली, म्हणजे ‘फॉरमॅट’ केलेली, आहे यावर पुढचे अवलंबून असते. जुन्या स्टिरिओंना बहुधा फॅट३२ हीच आखणी वाचता येते. ३२ गिगाबाइटपेक्षा मोठी मेमरी कार्डे मात्र कारखान्यातूनच एक्सफॅट आखणीत येतात, आणि संगणकावर नेहमीच्या मार्गाने ती फॅट३२ करायला गेले तर विंडोज वर्षानुवर्षे ३२च्या पुढे नकारच देत आले. त्यामुळे ६४ गिगाबाइटचे कार्ड घातलेला प्लेअर हेडफोनवर उत्तम वाजतो आणि गाडीला जोडल्यावर रिकामा दिसतो, असा प्रकार घडतो. काही प्लेअर आतली स्मृती आणि कार्ड अशा दोन स्वतंत्र डिस्क पुढे करतात. अनेक स्टिरिओ त्यांतली पहिलीच पाहतात, म्हणजे कार्ड योग्य आखणीचे असूनही व्यर्थ.

क्रमाचीही एक गंमत आहे. साधे स्टिरिओ फायली नावाच्या क्रमाने लावत नाहीत. ज्या क्रमाने त्या डिस्कवर उतरवल्या गेल्या, त्याच क्रमाने ते वाजवतात. चित्रपटगीतांना याने फरक पडत नाही. पण डबलबारी भजनाचे ध्वनिमुद्रण तुकड्यांत भरलेले असेल, तर सुरुवातीच्या रूपावलीच्या आधीच गजर ऐकू येतो, आणि आरत्यांच्या फोल्डरमध्ये मंत्रपुष्पांजली पहिली लागते. शिवाय एमपी३ फायलीच्या दोन्ही टोकांना किंचित निःशब्द जागा राहते. ती भरून काढण्याची सोय नसलेल्या यंत्रावर, पखवाज अखंड चालू असताना दर तुकड्याला एक ठेच लागते. कोकणातल्या ऐकणाऱ्यासाठी प्लेअरची परीक्षा बासवरून घेण्यापेक्षा या ठेचेवरून घेणे अधिक योग्य ठरेल.

देवनागरीची उपेक्षा हा याच इतिहासाचा भाग आहे. गाण्याचे नाव फायलीतच लिहिण्याची १९९६ ची मूळ पद्धत शीर्षकाला ३० बाइट देत होती, आणि त्यात रोमन अक्षरेच गृहीत होती. पुढच्या पद्धतीत सर्व लिपी सामावणाऱ्या युनिकोडला जागा झाली, पण गाडीच्या पडद्यात देवनागरी अक्षरसंचच नसेल तर तिचा उपयोग नाही. चौकटी किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. म्हणून आजही मराठी गाण्यांच्या फायलींना रोमन नावे देण्याची सवय टिकून आहे, आणि चांगल्या प्लेअरवर देवनागरी नीट दिसत असूनही केवळ गाडीसाठी ती बदलावी लागते.

ब्लूटूथने वायरीचा हा सारा गुंता बाजूला सारला, असे म्हटले जाते. सुरुवातीला तिथेही शब्दाने फसवले, कारण बऱ्याच गाड्यांतले ब्लूटूथ फक्त फोनवर बोलण्यापुरते होते. संगीतासाठीची वेगळी सोय २००३ मध्ये ठरली, तरी ती मध्यम किमतीच्या गाड्यांत सर्रास दिसायला बरीच वर्षे जावी लागली. २०१६ मध्ये मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि गाणी साठवण्यापेक्षा मागवून ऐकणे सुरू झाले. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते झाराप या टप्प्यावर मात्र घाटांत गाणे मध्येच थांबते. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ करून ठेवलेले गाणे घाटात चालते, पण ते कुलूपबंद असते. ते पेनड्राइव्हवर घेता येत नाही, घरच्या स्पीकरच्या कार्डातही घालता येत नाही.

मे २०२२ मध्ये शेवटच्या आयपॉडचे उत्पादन थांबल्याची घोषणा झाली. एमपी३वरील परवान्यांची व्यवस्था त्याआधीच, एप्रिल २०१७ मध्ये, संपली होती. स्वतंत्र प्लेअर आज मिळतात ते मुख्यतः आवाजाच्या जाणकारांसाठी, आणि त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत जोडणीचा प्रकार सेटिंगमधून निवडावा लागतो. स्टोरेज निवडले तर गाडीला डिस्क दिसते, ‘डॅक’, म्हणजे दुसऱ्या यंत्रातला डिजिटल आवाज ऐकण्याजोगा करून देण्याचा प्रकार, निवडले तर नाही. नव्या गाड्यांत टाइप-सीची दोन-दोन भोके असतात आणि एक नुसते चार्जिंगचे असू शकते, तेव्हा तीन अर्थांचा जुना घोळ तसाच आहे. मेच्या उन्हात समुद्रकाठी उभ्या केलेल्या बंद गाडीत लिथियम बॅटरीचा प्लेअर ठेवू नये, कारण अशा यंत्रांसाठी साठवणीची कमाल मर्यादा साधारण ४५ अंशांची असते आणि काचेआडचे तापमान ती सहज ओलांडते. पेनड्राइव्हला बॅटरीच नसते. बऱ्याच घरांनी म्हणूनच एका यंत्राचा आग्रह सोडला आहे. प्लेअर किंवा फोन घरच्या स्पीकरपाशी राहतो, फॅट३२ केलेला १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह बारा महिने गाडीतच खोचलेला असतो, आणि निघण्याच्या आदल्या रात्री त्याच्यावर नवी गाणी, क्रमाने एकेक, उतरवली जातात.