अँकरिंग (मनातला खुंटा)

अँकरिंग म्हणजे एखादा आकडा आधी कानावर पडला की पुढचा सगळा हिशोब त्याच्याच आजूबाजूला फिरत राहणं. दाव्याने बांधलेला बैल खुंट्याभोवतीच चरतो ना, अगदी तसंच.

1974 साली अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' साप्ताहिकात एक प्रयोग मांडला, तो लई फेमस आहे. एक चक्र फिरवायचं, त्यात आधीच सेटिंग केलेली, म्हणजे ते 10 वर नाहीतर 65 वरच थांबणार, अन् मग लोकांना विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के. आता चक्राचा अन् आफ्रिकेचा काय संबंध बाप्पा? पण 10 पाहणाऱ्यांचा मधला अंदाज 25 आला अन् 65 वाल्यांचा 45.

वऱ्हाडात याचं ताजं उदाहरण कापसाचं. 2021-22 च्या हंगामात भाव क्विंटलमागे 10 हजारांच्या वर गेला, तोच आकडा डोक्यात बसला. पुढच्या वर्षी हमीभाव होता 6,080 ते 6,380, बाजारात त्याहून बरे पैसे भेटत होते, तरी "दहाच्या खाली देतच नाही" म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, झोपायला जागा नाही, अंगाला खाज, वजनात घट वेगळी, अन् 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत भाव 8 हजारांच्याही खाली आला. सगळा दोष खुंट्याचाच होता असं नाही, बाजार कोणाच्याच हातात नसते.

असं काऊन होते? एक कारण म्हणजे माणूस ऐकलेल्या आकड्यापासून सरकतो, पण पुरेसा सरकत नाही. दुसरं, आकडा ऐकला की त्याला धरून असलेल्याच गोष्टी आठवतात, दहा हजार म्हटलं की बोंडअळी अन् निर्यात अशी भाव चढवणारी कारणं आठवतात, पडलेला भाव आठवत नाही.

शिकलेलेही यातून सुटत नाहीत. 2006 मध्ये छापलेल्या जर्मनीतल्या अभ्यासात कायद्याच्या लोकांनी फासे टाकले, तेही दोन फाशांची बेरीज 3 किंवा 9 च येईल असे, अन् चोरीच्या एकाच केसमध्ये 3 वाल्यांनी सरासरी 5 महिने तर 9 वाल्यांनी 8 महिने शिक्षा सुचवली.

बैलबाजारातला रुमालाखालचा सौदा मला म्हणूनच हुशारीचा वाटतो, बोटं दाबून बोललेला आकडा दोघांतच राहते, बघ्यांच्या डोक्यात खुंटा ठोकल्या जात नाही.

अँकरिंग माहीत असूनही फारसं कमी होत नाही. उलट बाजूची कारणं मुद्दाम मोजली तर थोडा फरक पडतो, म्हणजे "भाव पडला तर काऊन पडन?" असं विचारायचं. घरात हा प्रश्न बहुतेक वेळा बायकोच विचारते.