हेवी मेटल संगीतात शब्दांचं स्थान

हेवी मेटल (जड, जोरकस आवाजाचं रॉक संगीत) ऐकताना गाण्याचे शब्द किती महत्त्वाचे, ते कळले नाहीत तरी गाणं आवडतं का, आणि कळल्यावर आवडण्यात नेमकी काय भर पडते, हा या नोंदीचा विषय. अभ्यासकांमध्ये हा वाद साधारण १९८० च्या दशकापासून रंगला, ऐकणाऱ्यांमध्ये त्याच्याही आधीपासून असणार. खान्देशातून बघितलं तर प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण इथल्या पोराच्या घरात अहिराणी नाहीतर लेवा बोली, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि मग कुठेतरी चौथ्या नंबरला इंग्लिश, तरीही तो मेटल ऐकतो आणि जीव लावून ऐकतो.

सुरुवात बहुतेक जण बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथपासून धरतात. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. त्याचं पहिलंच गाणं पावसाच्या आणि चर्चच्या घंटेच्या आवाजाने सुरू होतं, मग तीन सुरांचा तो जड रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) पडतो, आणि गायक तोंड उघडायच्या आत ऐकणारा घाबरलेला असतो. शब्द नंतर येतात आणि अंगावर आलेल्या भीतीला एक आकृती देतात. बँडचं बरंचसं गीतलेखन बास वाजवणारा गीझर बटलर करायचा आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमात युद्ध लावून देणाऱ्या पुढाऱ्यांवर गाणं आहे, म्हणजे शब्द फालतू होते असं अजिबात नाही. पण आवाजातला जडपणा मात्र शब्दांच्या वाटेने आलेला नाही. गिटारिस्ट टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली, तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा तोच हात, त्यामुळे हलक्या तारा लावून पुढे १९७१ च्या अल्बमात त्याने ट्यूनिंग तीन अर्धस्वर खाली उतरवलं. मेटलचा आजचा खालचा, घुमणारा आवाज यातून पुढे वाढत गेला असं सर्वसाधारणपणे मानतात.

अभ्यासकांची मतं ढोबळमानाने दोन. समाजशास्त्रज्ञ डीना वाइनस्टीन यांनी १९९१ च्या पुस्तकात मांडलं की मेटलचा गाभा म्हणजे आवाजाची ताकद, गायकाचा गळा आणि गिटार एकमेकांशी बरोबरीने झुंजतात, आणि ऐकणारा शब्द सलग कविता म्हणून न घेता तुकड्यांनी घेतो, एखादी ओळ, एखादं नाव, कोरसचे दोन शब्द. रॉबर्ट वॉल्झर हे स्वतः गिटार वाजवणारे संगीतशास्त्रज्ञ, त्यांच्या १९९३ च्या पुस्तकाचा रोख असा की अर्थ डिस्टॉर्शनमध्ये (गिटारचा मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज), स्वरसप्तकात, लयीतही असतो आणि शब्द त्यापासून सोडवून कागदावर वाचले की चुकीचा अर्थ हाती लागतो. दोन्ही मतं एकमेकांच्या फार लांब नाहीत. पण वॉल्झर यांची बाजू जास्त पटते, कारण तुकडे लक्षात राहतात हे खरं असलं तरी कोणते तुकडे राहतात हे संगीतच ठरवतं.

मेटलमधले शब्द ऐकू येईनासे नेमके कधी झाले यावर एकमत नाही. काही जण १९६६ मधल्या द हू या बँडच्या कोळी या किड्यावरच्या एका गाण्यातल्या खर्जातल्या गुरगुरण्यापर्यंत मागे जातात, पण ते गंमतीसाठी केलेलं होतं आणि त्यावरून परंपरा सुरू झाली म्हणणं ओढूनताणून वाटतं. मोटरहेड बँडचा लेमी घोगरा गायचा पण त्याचे शब्द कळतात. व्हेनमचे १९८१-८२ चे अल्बम, स्वित्झर्लंडचे हेलहॅमर आणि त्यातून निघालेले सेल्टिक फ्रॉस्ट, हे मधले टप्पे. कॅलिफोर्नियाच्या पोझेस्डने १९८४ च्या डेमोला डेथ मेटल (गुरगुरत गायलं जाणारं मेटल) हेच नाव दिलं होतं आणि त्यांचा पहिला अल्बम १९८५ चा, तर फ्लोरिडाच्या डेथ या बँडचा पहिला अल्बम १९८७ चा, आणि यातला पहिला डेथ मेटल अल्बम कोणता यावर चाहते अजून हमरीतुमरीवर येतात. पोझेस्डच्या जेफ बेसेराचा आवाज अजून ओरडण्याच्या जवळचा आहे, डेथच्या चक शुल्डिनरचा ग्रोलच्या, म्हणजे खोल गुरगुरण्याच्या, जास्त जवळ, तेव्हा इथे १९८५ ते १९८७ असा काळ धरलेला बरा, एका तारखेवर बोट ठेवण्यापेक्षा. त्याच १९८७ मध्ये इंग्लंडच्या नेपाम डेथने एक गाणं काढलं जे सेकंदापेक्षा थोडंसंच मोठं आहे. त्यात चार शब्दांचा एक प्रश्न आहे, कानाला फक्त स्फोट ऐकू येतो आणि प्रश्न कागदावर वाचल्यावरच कळतो.

ग्रोल म्हणजे नुसतं घसा फाडणं नाही. नेहमीच्या बोलण्यात खरे स्वरतंतू थरथरतात, ग्रोलमध्ये त्यांच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंनाही कंप दिला जातो. तो कंप अनियमित असतो, म्हणून सूर असा हाताला लागत नाही, चाल पुसली जाते, आणि गायक खोल आवाजासाठी तोंडाचा आकार गोल ठेवतो त्यामुळे अ, आ, ओ हे स्वर एकमेकांत मिसळतात. व्यंजनांचं दुखणं वेगळं. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि तेवढ्यात बोलणं समजायचं, म्हणजे भाषेचा जीव बऱ्यापैकी त्या पट्ट्यात आहे, आणि डिस्टॉर्शन लावलेली गिटार नेमकी तिथेच भिंतीसारखी उभी राहते. त्याच्या वर स, श, फ यांची जागा, ती झांजा म्हणजे सिंबल्स खाऊन टाकतात. शिवाय मिक्सिंग करतानाच गायकाचा आवाज वाद्यांच्या बरोबरीला ठेवतात. आपले कान भावगीतावर आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यावर वाढलेले, तिथे गळा सगळ्यांच्या वर आणि वाद्यं मागे, म्हणून पहिल्यांदा मेटल ऐकणाऱ्याला वाटतं की रेकॉर्डिंगच बिघडलंय.

सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर काम केलंय. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की डेथ मेटल नेहमी ऐकणाऱ्यांना त्यातले शब्द न ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त कळतात, म्हणजे कान तयार होतो. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात एका डोळ्याला हिंसक आणि दुसऱ्याला साधं चित्र दाखवून मेंदू कुठलं आधी उचलतो ते बघितलं, सोबत हिंसक शब्दांचं डेथ मेटल किंवा आनंदी पॉप लावून. हिंसक चित्राकडे लक्ष ओढलं जाण्यात चाहते आणि इतर यांच्यात फरक पडला नाही. तसले शब्द ऐकून माणूस बधिर होतो हा घरोघरी होणारा आरोप निदान या प्रयोगात टिकला नाही.

शब्द कळल्याने काय बदलतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मेटालिका बँडचं १९८८ च्या अल्बममधलं 'वन' (One) हे गाणं. गाणं सावकाश, जवळपास बॅलडसारखं सुरू होतं. साधारण साडेचार मिनिटांच्या आसपास डबल बास ड्रम सहा-सहा ठोक्यांचे झटके द्यायला लागतो, गिटार त्याच्यावर घट्ट बसते, आणि मग गायक त्याच तुटक मापात एकेक शब्द फेकतो. इंग्लिशचा गंध नसलेल्या माणसालाही ती मशीनगन ऐकू येते. पण गाणं १९३९ च्या एका कादंबरीवर बेतलंय, त्यातला सैनिक हातपाय, डोळे, कान, जीभ सगळं गमावून फक्त जाणिवेने जिवंत आहे. हे कळल्यावर तेच ठोके बाहेरून येत नाहीत, त्या माणसाच्या डोक्याच्या आतून येतात. रिफ तोच राहिला, ऐकणाऱ्याची जागा बदलली. आयर्न मेडनचं १९८४ चं तेरा मिनिटांहून मोठं गाणं कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर उभं आहे, मधे सगळं थांबून फक्त जहाजाची लाकडं कुरकुरतात, आणि तिथे गोष्ट माहीत नसेल तर तो भाग नुसता लांबलेला वाटू शकतो.

शब्दांना गरजेपेक्षा जास्त वजन दिलं की काय होतं हे अमेरिकेत दिसलं. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये सिनेटसमोर गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली, ट्विस्टेड सिस्टरच्या डी स्नायडरने तिथे सांगितलं की ज्या गाण्यात हिंसक लैंगिक अर्थ काढला जातोय ते बँडमधल्या गिटारिस्टच्या घशाच्या ऑपरेशनच्या भीतीवर आहे. १९९० मध्ये नेवाडातल्या रेनोला जूडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला, आरोप असा की त्यांच्या १९७८ च्या अल्बममधल्या एका गाण्यात दोन शब्दांचा छुपा संदेश आहे आणि त्यामुळे दोन तरुणांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. ज्याच्यावर कोर्टात दिवसच्या दिवस गेले ते शब्द मुद्दाम कोणी घातलेलेच नव्हते, गिटारचा आणि श्वास सोडण्याचा आवाज योगायोगाने एकत्र आला असा निष्कर्ष काढून न्यायाधीशांनी दावा फेटाळला. घरच्यांचं दुःख खरं होतं, दोष मात्र चुकीच्या ठिकाणी लावला गेला.

इंग्लिश सोडून इतर भाषांतल्या मेटलने या वादात मोठी भर घातली. बर्लिनचे रामस्टाइन जर्मनमध्ये गातात आणि जर्मन न येणारी गर्दी जगभर त्यांच्याबरोबर ओरडते. दिल्लीच्या ब्लडीवुडने हिंदी, पंजाबी आणि इंग्लिश एकत्र करून ढोल घातला, २०१९ ला ते जर्मनीतल्या वाकेन फेस्टिवलला वाजवून आले. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७ चा अल्बम दशावतारांवर आहे, शब्द इंग्लिश पण गोष्टी आपल्या, तिथे आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला परदेशी चाहत्यापेक्षा शब्दांची गरज कमी पडते कारण नरसिंह म्हटलं की खांब आपोआप डोळ्यासमोर येतो.

खान्देशात हा श्रोता मुख्यतः जळगाव, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांच्या होस्टेलवर भेटतो, मोबाइलवर आणि इअरफोनवर. लाइव्ह ऐकायचं तर पुणं-मुंबई गाठावी लागते किंवा आग्रा रोडने इंदूर, जिथे निकोटिन हा मेटल बँड २००६ मध्ये सुरू झाला. रूममेटचा पहिला प्रश्न ठरलेला, "भो, काय म्हनी ऱ्हायना हाऊ?" (भाऊ, काय म्हणतोय हा?) आणि उत्तर बहुतेक वेळा एवढंच की तू आधी ड्रम ऐक. पंधरावीस वेळा ऐकून झाल्यावर मग लिरिक्स उघडले जातात, आणि मजा म्हणजे एकदा वाचले की पुढच्या वेळी तेच शब्द ग्रोलमधूनही स्वच्छ ऐकू यायला लागतात, आधी ऐकू येत नव्हते यावर विश्वास बसत नाही.

इथल्या कानाला दोन्ही सवयी जुन्या आहेत. श्रावणात कानबाई ही देवी बसते तेव्हा रात्रभर गाणी चालतात आणि तिथे शब्द हेच सगळं, ओळ चुकली तर म्हातारी बाई मधेच थांबवून सुधारते. बहिणाबाई चौधरींची गाणी (छापून आली १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर) मुळात अशीच तोंडी होती. उलट अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीला सातपुड्यातले ढोल, पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य आणि कमरेचे घुंगरू रात्रभर वाजत असतात आणि पहाटे होळी पेटते तेव्हा कोणाला शब्दांची उणीव भासत नाही. लग्नाच्या वरातीतही बँडचा गाडा जवळ आला की गाण्याचे शब्द गडप होतात, नाचणारे नाचतच राहतात. म्हणून खान्देशातल्या पोराला शब्दांशिवाय मेटल भिडतं यात नवल काही नाही. तो टिकून राहतो का हे मात्र बऱ्याचदा शब्द ठरवतात. नुसत्या वेगावर आलेले वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे वळतात, ज्यांना एखाद्या गाण्याची गोष्ट लागली ते नोकरीला लागल्यावरही तेच अल्बम ऐकतात, असं आजूबाजूला बघून म्हणावंसं वाटतं.

अहिराणीत मेटल गाता येईल का ही चर्चा अधूनमधून निघते. बोली म्हणून ती या कामाला चांगली आहे असं इथे ठामपणे नोंदवतो. ट, ड, ख, घ सारखी कडक व्यंजनं गिटारच्या भिंतीतून बाहेर येतात, वाक्यं आखूड पडतात, आणि ऱ्हायना, जायना, उना अशी आकारान्त क्रियापदं ओळीच्या शेवटी मोकळं तोंड देतात, जिथे ग्रोल लांबवता येतो.