खालच्या घरांवरून ठरणारा धोका

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ १८६ फुटांचा एक धबधबा आहे. धबधब्याखाली एक छोटं बायबल कॉलेज आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला, १९७७ पर्यंत, केली बार्न्स नावाचं धरण. १८९९ मध्ये लाकडी चौकटीत दगड भरून घातलेला बांध, त्यावर पुढे विजेसाठी चढवलेला मातीचा भराव. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद झाली आणि मासे धरायला, काठावर बसायला बरं असं तळं उरलं. उंची साधारण ३८ फूट. पाणी किती? आपल्या खडकवासल्यातल्या वापरण्याजोग्या पाण्याच्या सुमारे सत्तराव्या हिश्श्याएवढं.

६ नोव्हेंबर १९७७ ला पहाटे दीडच्या सुमारास, मुसळधार पावसानंतर, हे धरण फुटलं. खाली झोपलेली ३९ माणसं गेली.

चौकशीत एकच एक कारण सापडलं नाही. बऱ्याच गोष्टी जुळून आल्या असाव्यात. भरावाचा खालचा उतार फार खडा होता, तो आधीही एकदा घसरला होता आणि त्यावर झाडं माजली होती. हिरव्यागार बांधाकडे बघून आपल्याला बरं वाटतं, पण धरणाच्या माणसाला धडकी भरते. झाड मेलं की मुळं कुजतात आणि भरावात आयत्या नळ्या तयार होतात. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, त्यात वावगं काही नाही. पाझर नितळ आहे तोवर ठीक. तो गढूळ झाला म्हणजे पाणी आतली माती घेऊन निघालं आहे, आणि पोकळी उलट दिशेने, तळ्याकडे वाढत चालली आहे.

विजेचं किंवा सिंचनाचं धरण निदान कुणाच्या तरी पोटापाण्याशी बांधलेलं असतं. हौसेच्या तळ्याला तसा वाली नसतो, उलट हौसच कधी धरणाच्या जिवावर उठते. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणावर श्रीमंतांच्या एका क्लबने बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर, जाळ्या बसवल्या. तळाचे विसर्गाचे पाइप आधीच्या मालकाने केव्हाच भंगारात काढले होते. ३१ मे १८८९ ला पाणी माथ्यावरून वाहिलं, भराव खचला आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात २,२०९ जण मेले.

टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी (ते जॉर्जियाचेच) खासगी व राज्यांच्या मालकीच्या ‘उच्च धोका’ धरणांची तपासणी करायला लावली. चार वर्षांत सुमारे नऊ हजार धरणं पाहिली गेली. त्यांतली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

‘उच्च धोका’ हा शब्द मात्र फसवा आहे. धरण मोडकळीला आलंय असं त्यातून वाटतं, पण ही श्रेणी धरणाच्या तब्येतीबद्दल अवाक्षरही काढत नाही. धरण फुटलंच तर खाली काय होईल, एवढंच ती सांगते. एकाही माणसाचा जीव जाण्याचा संभव असेल तर ‘उच्च’. जीव जाणार नाही, पण रस्ते, पूल, पाणीपुरवठा किंवा इतरांच्या मालमत्तेचं मोठं नुकसान होईल तर ‘लक्षणीय’. मुख्यतः मालकाचंच नुकसान होणार असेल तर ‘कमी’. बांधाची अवस्था वेगळी नोंदवतात, समाधानकारक ते असमाधानकारक अशी. म्हणून ठणठणीत धरण ‘उच्च’ असू शकतं आणि ठिकठिकाणी गळणारं ‘कमी’.

यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. रानातलं तळं ‘कमी’ श्रेणीत नोंदलं जातं. मग तळ्यामुळेच जागा छान म्हणून खालच्या ओढ्याकाठी घरं उठतात. धरणाचा एक दगड हलत नाही, पण श्रेणी ‘उच्च’ होते. आणि सांडवा? तो अजून तेवढाच, रानातल्या पुराच्या हिशेबाने काढलेला. मोठा सांडवा बांधायचा खर्च तळ्याच्या मालकाच्या गळ्यात, प्लॉट विकणारा केव्हाच मोकळा. मला हा व्यवहार सरळ अन्याय वाटतो.

आपल्याकडचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधलं धरण त्यात यायचं तर माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान दोन हजार घनमीटर लागतो. नाहीतर पाया अवघड किंवा रचना वेगळी असावी लागते. टोकोआचं धरण सुमारे साडेअकरा मीटरचं, माथा सव्वाशे मीटरच्या आत, साठा दहा लाखांहून कमी. त्या मापाचं साधं मातीचं धरण या चाळणीतून खाली पडतं. खाली किती घरं आहेत, हा प्रश्न त्या व्याख्येत येतच नाही.